जुना ट्रॅक्टर, जुना ट्रक आणि तीन पिढ्यांची शेती: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरची रीत

आमच्या मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या उभ्या सायलेन्सरवर वर्षातले निम्मे दिवस नारळाची करवंटी पालथी घातलेली असते. पावसाचे पाणी आत जाऊ नये आणि कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर बांधू नये, म्हणून आजोबांनी पाडलेली ही रीत. मृगाच्या तोंडावर करवंटी निघाली की घरात सगळ्यांना कळते, शेत सुरू झाले. ती काढायला विसरून मी एकदा सेल्फ मारला. करवंटी गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आपटली आणि म्हैस दावे तोडून कुळागरात पळाली. तेव्हापासून ट्रॅक्टरची चावी करवंटीलाच दोरीने बांधून ठेवतो.

आमची शेती गोव्याच्या सत्तरी तालुक्यात. खाली सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी) अशी दोन पिके देणारी भातशेती, ओहोळाच्या काठाने पोफळी-नारळाचे कुळागर, वर डोंगरावर काजू. मॅसी १९७९ साली आजोबांनी घेतलेला. काकांनी मागाहून जुना घेतलेला एचएमटी झेटर २५११ आहे. टाटा १२१० ट्रक आहे; धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना गाळप करत होता तोवर त्याने ऊस ओढला, आता शेणखत, नारळ आणि गवत ओढतो. आणि एक पॉवर टिलर आहे, त्याला घरात कोणी जुना म्हणत नाही, कारण तो फक्त वीस वर्षांचा आहे.

ज्यांच्या माटवात (मांडवात) असे यंत्र उभे आहे, आणि ते भंगारवाल्याला द्यावे की पुन्हा शेतात उतरवावे हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो. माझे मत आधीच सांगतो. जुने यंत्र परवडते ते दोनच अटींवर: त्याला नेमके एक काम ठरवून दिलेले असावे, आणि त्याच्याविषयीची घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातली माहिती वहीत उतरलेली असावी. त्यातली एक जरी अट पाळली गेली नाही, तरी ते पैसे खाते.

आधी परीक्षा

यंत्राची परीक्षा सकाळी, पूर्ण थंड असताना घ्यायची. विकणारा माणूस ते आधीच गरम करून ठेवतो. घरातला हौशी काकाही ठेवतो. गरम इंजिन खोटे बोलते.

रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करा. इंजिन थंड असतानाच, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला, ब्लॉकला चीर आहे. मग डिपस्टिक ओढा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी तेलात उतरले आहे. त्या दिवशी इंजिन पुढे चालवू नका.

धूर पाहा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर दमट हवेत चालतो, पण इंजिन तापल्यावर तो गेला पाहिजे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. डिझेल फवारणारे नोझल उघडण्याआधी एअर फिल्टर पाहावा, दहातल्या सात वेळा दोष तिथेच सापडतो. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तेव्हा तेल भरायच्या तोंडाचे झाकण सैल करून पाहा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा आणि लायनर संपले.

यात घाबरण्यासारखे काही नाही, लायनर-पिस्टनचा संच मिळतो आणि बसवताही येतो. मी खरा घाबरतो तो दोन गोष्टींना. एक, गिअरबॉक्सच्या किंवा मागच्या धुऱ्याच्या बीडाच्या कवचाला गेलेली चीर. बीड वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, पण चिखलणीचा (लावणीआधी शेतात चिखल करण्याचा) भार त्या जोडावर टाकायचा धीर मला होत नाही. दुसरी, स्वतःहून सुटणारा गिअर. उतारावर भरलेली ट्रॉली मागे असताना गिअर सुटला तर पुढचे सगळे देवावर.

हायड्रॉलिकची परीक्षा सोपी आहे. मागे नांगर लावा, वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्यायला जा. परत येईपर्यंत नांगर जागेवर असेल तर उत्तम. थोडा उतरला असेल तर सील बदलायला झाले. तुम्ही पाठ वळवताच खाली बसला तर सिलिंडर-पंप उघडावा लागेल. नांगर वर असताना खाली वाकून पाहायचे नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही.

खाणीवरचा जुना ट्रक घेत असाल तर इंजिनाआधी चासीखाली आडवे व्हा. २०१२ साली खाणी थांबल्यावर आमच्या डिचोली-सत्तरीत दारादारांत ट्रक उभे राहिले आणि स्वस्तात मिळू लागले. खनिज वजनाला फार जड. कमानपाटे जिथे चासीला अडकतात, त्या ब्रॅकेटांच्या आसपास चिरा आणि त्यांच्यावरचे जुने वेल्डिंग शोधा. ताजा रंग मारलेली चासी दिसली तर नखाने खरवडून पाहायला लाजू नका.

कोणाला कोणते काम

घरात तीन यंत्रे असली म्हणून तिन्ही सगळी कामे करत नाहीत. आमच्याकडे मॅसी चिखलणी आणि नांगरट करतो. झेटर चिखलात जातच नाही. तो मळणीयंत्र फिरवतो आणि कुळागरात हलकी ट्रॉली ओढतो. एचएमटीने ट्रॅक्टर बनवणे २०१६ साली बंद केले, त्यामुळे झेटरचा एखादा भाग मिळायला महिना लागतो. मळणी चार दिवस थांबली तर चालते. लावणी थांबली तर तरवा (भाताची रोपे) म्हातारा होतो. ज्याचे भाग लवकर मिळतात त्याला वेळेचे काम, ज्याचे मिळत नाहीत त्याला सवडीचे काम, एवढाच हिशेब.

सत्तरीत मेरांनी (बांधांनी) बांधलेले कुणगे, म्हणजे भाताची खाचरे, लहान असतात. ट्रॅक्टर वळायलाच निम्मा कुणगा लागतो, कोपरे तसेच राहतात आणि मेर तुटते. असले कुणगे पॉवर टिलरचे. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात, तर जड ट्रॅक्टर घालूच नये. पेडणे-बार्देशातल्या नातेवाइकांचे पाहिले आहे, तिथे खालचा गाळ इतका मऊ की यंत्र पोटावर बसते, आणि खारे पाणी बेअरिंगांना सोडत नाही.

एक पर्याय मात्र हाताशी हवा. घरातला एकुलता ट्रॅक्टर पंचेचाळीस वर्षांचा असेल, तर शेजाऱ्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा: माझा बसला तर तुझा दोन दिवस, तुझी मळणी माझ्या यंत्रावर. जूनमध्ये बोलायला गेलात तर तो स्वतःच चिखलात असतो.

कागदाचे थोडक्यात

आमच्या भागात १९८९ आधीच्या गाड्यांवर गोवा, दमण, दीव या संघप्रदेशाचे जीडीने सुरू होणारे नंबर आहेत, आणि पुष्कळांचे नोंदणीचे पुस्तक अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. नियम असा: मालक वारला की ३० दिवसांत वाहतूक खात्याला कळवायचे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायचे. आम्ही ते वेळेत केले नाही. पुढे भावाभावांच्या सह्या गोळा करायला जे हेलपाटे पडले त्यांत एक वायंगण गेले. वाटणीच्या कागदात जमिनीबरोबर यंत्रांचाही उल्लेख करून घ्या.

शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनात मोडतो: पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ट्रॉलीची नोंद वेगळी. ट्रकला, तो ८ वर्षांपेक्षा जुना झाला की, दरवर्षी फिटनेस. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचा नियम आणला, तेव्हा काकांना फार आनंद झाला होता. पण तो दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांपुरता आहे, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. राबणाऱ्या ट्रकाला त्याचा उपयोग नाही. रस्ता नुसता ओलांडायचा असला तरी विमा हवाच.

पावसाआधीचे पंधरा दिवस

मे महिन्यात काजूचा हंगाम सरत आला की मॅसी माटवातून बाहेर काढतो. क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही.

सुरुवात डिझेलपासून. टाकीखालचा वाटीसारखा गाळप कप सोडा. तळाशी पाणी आणि लालसर गाळ दिसेल. यंत्र उभे करताना टाकी काठोकाठ भरून ठेवली तर हे पाणी कमी साचते, कारण रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचेच रात्री थेंब होतात. फिल्टर बदला. फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते, आणि हवा काढल्याशिवाय डिझेल इंजिन सुरू होत नाही. नव्या मुलांचे इथेच अडते. ती बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसतात.

हवा काढायची ती अशी. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करा. फीड पंपाचा हाताचा दांडा हळूहळू मारत राहा. आधी नुसता फेस येतो, मग फेसात डिझेल, मग निखळ डिझेलची धार. धार सलग आली की दांडा मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. एवढ्यावर सुरू झाले तर ठीक. नाही झाले तर नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. डिझेल उसळले की एकेक नट आवळत जा. त्या वेळी तोंड आणि हात नटाच्या समोर नकोत, त्या धारेला सुईसारखा जोर असतो. बाबा हे सगळे कानाने करतात. दांडा मारताना आधी पोकळ खळखळ ऐकू येते, हवा संपली की हाताला एकदम जडपणा लागतो. हे वाचून येत नाही. मुलाचा हात दांड्यावर ठेवा आणि त्याच्या हातावर आपला ठेवा.

दुसरे, ऑइल बाथ एअर फिल्टर. खालची वाटी सोडा, जुने तेल आणि तळाचा लाल चिखल फेका, डिझेलने धुवा, खुणेपर्यंत नवे तेल भरा. खुणेपर्यंतच. जास्त भरले तर इंजिन ते तेल वर ओढून घेते आणि डिझेल बंद केले तरी तेलावर धावत सुटते. असे कधी झालेच तर हवेचे तोंड फळीने किंवा जाड ओल्या गोणपाटाने घट्ट बंद करायचे, हाताने नाही. धुळीच्या कामात ही वाटी रोज संध्याकाळी पाहावी.

तिसरे क्लच. ट्रॅक्टर किंवा ट्रक महिनोन्महिने उभा राहणार असेल तर पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या ओंडक्याने अडकवून ठेवा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवेत ओल कायम. पेडल मोकळे ठेवले तर क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. एका चतुर्थीनंतर आमच्या ट्रकचे हे झाले होते. चूक माझी, ओंडका मीच सरपणात घातला होता. जुन्या क्लचप्लेट आणि ब्रेक लायनरांत ॲसबेस्टॉस असते; ती धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग वीज. बॅटरी उन्हाळ्यात घरात आणून ठेवलेली असावी. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे प्लस टोक चासीला जोडलेले असते, हल्लीच्यापेक्षा उलट. कोणी सवयीने मायनस जोडले की डायनामो जळतो. तुमचा कोणता आहे ते पाहून बॅटरीच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा. वायरी हाताने चाचपा, उंदीर कुठे तरी बसून गेलेला असतोच.

राहिले ग्रीस. किंगपिन, स्टिअरिंगचे सांधे, अवजार जोडायच्या तीन कांबीच्या पिना. प्रत्येक निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत मारायचे. निपल आधी पुसून घ्या, नाहीतर वाळूच आत जाते.

चिखलणी

वळीव पडून जमीन मऊ झाली की आडवी-उभी नांगरट करून घ्या. चिखलणीला शेतात वीतभर नको, चार बोटे पाणी पुरे. जास्त पाण्यात चाक नुसते पोहते आणि कुठे खोल आहे ते दिसत नाही. मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असेल तर ते आधी काढा. मॅसी पावणेदोन टनांच्या आसपास भरतो, त्यात टायरांतले पाणी मिळून मऊ कुणग्यात तो बुडण्याचीच तयारी करतो. केज व्हील शेताच्या कडेला नेऊन बसवा. ती लोखंडी चाके घालून डांबरी रस्त्यावर चालवणारे मी पाहिले आहेत. रस्ता जातो, चाके वाकतात आणि धुऱ्याला हिसके बसतात ते वेगळेच.

मेर ओलांडताना सरळ काटकोनात जा, तिरके नाही. चढ असेल तर मागे वळून रिव्हर्समध्ये चढा. पुढून चढताना नाक उचलते, रिव्हर्समध्ये ते होत नाही. मेरेवर जाड फळ्या टाकल्या तर मेरही वाचते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ट्रॅक्टर रुतला, चाके जागेवर फिरू लागली, की थांबा. इंजिनाचा जोर वाढवू नका. माझ्या लहानपणी मी एक गोष्ट सर्रास पाहिली: रुतलेल्या चाकांना वासा किंवा ओंडका आडवा बांधायचा, म्हणजे चाक त्यावर चढून बाहेर येईल. कधी येतेही. पण ओंडका अडकला आणि चाक फिरू शकले नाही, तर इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला उचलते, आणि तो मागच्या धुऱ्याभोवती चालकाच्या अंगावर उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. आपल्या या जुन्या ट्रॅक्टरांना डोक्यावर चौकट नाही. तेव्हा ओंडका बांधणे आमच्या घरात बंद.

त्याऐवजी हे करा. मागचे अवजार खाली सोडून वेगळे करा. चाकांमागची माती फावड्याने काढा, आत आलात त्याच वाटेने मागे निघायचा उतार करा. डिफरन्शिअल लॉकचे (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे) पेडल चाक घसरण्याआधी, सरळ रेषेत असताना दाबा. एक चाक वेगात फिरत असताना दाबले तर दाते तुटतात, आणि दाबून वळलात तरी तुटतात. तेवढ्याने नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. साखळी ओढणाऱ्याच्या ड्रॉबारलाच, म्हणजे धुऱ्याच्या खालच्या पातळीवर. टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या कांबीच्या) जागी किंवा सीटखाली साखळी बांधली तर तोच मघाचा प्रकार: नाक वर, माणूस खाली. साखळीजवळ कोणी उभे राहायचे नाही.

पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मळणीयंत्राला देणाऱ्या, फिरत्या दांड्यावर कवच नसेल तर आधी ते बसवा. लुंगी, टॉवेल, ओढणी, सैल शर्ट. दांडा एका फेऱ्यात सगळे गुंडाळून घेतो. मळणीच्या दिवशी काकूंचा आरडाओरडा याच एका गोष्टीवरून असतो. त्या बरोबर आहेत.

संध्याकाळी कामाहून आल्यावर ट्रॅक्टर धुवायचा, पण गरम इंजिनावर थंड पाण्याची धार मारायची नाही. आधी चाके, धुरे, ब्रेकचे ड्रम. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रॅक्टर हलवण्याआधी, मागच्या घराचा तेलाचा बूच जरासा सैल करा आणि खाली भांडे धरा. रात्रभरात पाणी तळाशी बसलेले असते. आधी तेच येते, मागाहून तेल. चार थेंब पाणी आले तर सील झिजू लागले आहे. वाटीभर आले तर तेल बदलून सील बसवा. मॅसीत हायड्रॉलिकचा पंप याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे एका सीलचा आळस दोन ठिकाणी भोवतो. चिखलणीच्या दिवसांत आम्ही हे एक दिवसाआड करतो.

रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडले एकमेकांना जोडणारी कडी घाला. शेतात वळायला एकेक ब्रेक लागतो. रस्त्यावर वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

ट्रक

ट्रकाबद्दल फार लिहीत नाही, त्याचे काम वर्षातून चाळीस-पन्नास दिवसांचे. पण दोन गोष्टी जिवावरच्या आहेत.

पहिली चाकाची रिंग. जुन्या ट्रकांच्या ९.००-२० टायरांचे रिम तुकड्यांचे असते, कडेला अडकवलेली लॉकरिंग टायर धरून ठेवते. ती गंजलेली, वाकलेली किंवा नीट न बसलेली असेल तर हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. पंक्चर काढणाऱ्याला घाई करू देऊ नका. रिंग ब्रशने घासून खोबणीत बरोबर बसली का ते पाहा, हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा किंवा साखळीने आवळा, आणि लांब नळी लावून बाजूला उभे राहा. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडा. जोडीच्या आतल्या चाकाचीसुद्धा.

दुसरी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि आमच्याकडे ओलीला तोटा नाही. दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, दिसायला चांगले असले तरी. बेळगावहून चोर्ला घाटाने भरलेला ट्रक उतरवताना जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरात उतरायचे, ब्रेक अधूनमधून टेकवायचा. केरीला पोहोचेपर्यंत मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. वाजवू द्या.

सुटे भाग आणि मेस्त

मॅसीचे बहुतेक भाग म्हापशाला, फोंड्याला मिळतात. न मिळणारा भाग करून घ्यायचा असेल तर बेळगावचे उद्यमबाग किंवा कोल्हापूरचे उद्यमनगर. तिथे ओतकाम आणि लेथ दोन्ही हाताशी. जाताना जुना भाग घेऊन जा, तुटला असला तरी सगळे तुकडे घ्या, आणि तो ज्यात बसतो तो जोडीदारही घ्या. नुसत्या मापावर बुश करून आणला आणि तो पिनेवर चढलाच नाही, असा एक पूर्ण दिवस मी चोर्ल्याच्या वळणांवर घालवला आहे. टायरवर १२.४-२८ आणि ११-२८ असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका, जुन्या आणि नव्या पद्धतीने लिहिलेले ते एकच माप आहे.

घरात कायम असावे ते एवढेच: डिझेलचे दोन फिल्टर, फॅनबेल्ट, मागच्या धुऱ्याचे सील, रेडिएटरचे दोन्ही होज, तांब्याच्या वॉशरांची पुडी, एक नोझल, लिंचपिना (अवजाराच्या पिना अडकवणाऱ्या छोट्या खिळी). लिंचपिना मूठभर, चिखलात त्या पेरल्यासारख्या जातात.

जुन्या पंपांचा जाणकार मेस्त (मिस्त्री) आता गावागावांत राहिलेला नाही. जो आहे त्याच्याकडे हंगामाबाहेर, एप्रिलमध्ये जा. त्याच्या शेजारी बसा, पोराला बसवा, पाने-हत्यारे हातात द्यायला लावा. आमच्या मेस्ताने पुतणीला टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट फीलर गेजने कशी धरायची ते दाखवले. पट्टी जराशी अडखळत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी नको. आता घरात टॅपेट तीच लावते, माझा हात जड आहे म्हणते.

घर आणि वही

यंत्रांवरून होणारी भांडणे यंत्रांमुळे नसतात. कोणी चालवला, डिझेल कोणी भरले, मोडला तेव्हा कोणाच्या हातात होता. आम्ही शेवटी असे ठरवले: प्रत्येक यंत्राचा एकच राखणदार. मॅसीचा मी, झेटरचे काका, ट्रकचा चुलतभाऊ. चालवणारे कोणीही असोत, पण नट उघडायचा तो राखणदाराला विचारून. शेजाऱ्यांच्या शेतात केलेल्या कामाचे तासाचे पैसे यंत्राच्या डब्यात जातात, घरखर्चात नाही. दुरुस्ती त्याच डब्यातून. डबा सलग दोन वर्षे रिकामा राहिला तर ते यंत्र विकायचे. काकांना ही अट मान्य नाही. झेटरचा डबा ते स्वतःच्या खिशातून भरतात आणि आम्ही ते पाहिले नाही असे दाखवतो.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. मॅसी कुठल्या कुणग्यात कुठे बसतो, कुठला नट डाव्या आट्याचा आहे, आजोबांनी १९८६ साली गिअरबॉक्स उघडला तेव्हा कुठली शिम दुप्पट घातली, हे सगळे त्यांच्या डोक्यात. दोन वर्षांपूर्वी ते महिनाभर आजारी होते आणि आम्ही स्टिअरिंगचा एक सांधा तीन दिवस उलटा फिरवत बसलो. ते बरे झाल्यावर मी दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचे. एकदम सगळे विचारले की म्हातारी माणसे कंटाळतात. एकच विचारले की तीन सांगतात.

वहीत प्रत्येक यंत्राचा भाग वेगळा. तारीख, मीटर चालत असेल तर तास, नसेल तर कामाचे दिवस. काय बदलले, कुठून आणले, किती रुपये, पाना कुठल्या मापाचा लागला. आवाजसुद्धा लिहा. पुतणीने जूनमध्ये लिहिलेले असे आहे: "करवंटी काढली. सेल्फ दोनदा. धूर पांढरा, मग गेला. डाव्या चाकाजवळ टकटक, वळताना. आजोबा म्हणतात केज व्हीलचा नट." नटच होता.

वही ट्रॅक्टरच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, आणि पेन्सिलीने लिहितो. डिझेलचा हात लागला की पेनची शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर राहते.